बाईंचा हिसका

आमच्या बाई जगातल्या प्रत्येक माणसाला 'अहो' म्हणायच्या. मग तो दवाखान्याचा झाडूवाला असो, हायवेवर डोकं फोडून घेऊन आलेला दारुडा ड्रायव्हर असो, नाहीतर आत्ता आईच्या पोटातून बाहेर आलेलं पोर असो. जन्मल्या जन्मल्या पोर रडलं नाही, की बाई त्याला हातावर पालथं घेऊन पाठ चोळायच्या आणि म्हणायच्या, "अहो, रडा की! आई वाट बघतीय तुमची!" अर्धमेल्या बाळंतिणीलाही तशात हसू यायचं.

याला अपवाद एकच. मासे. माशाला त्या 'ए' म्हणायच्या. "ए मुडद्या, ये की भाईर! बघू तरी किती दम हाय तुझ्यात!"

मी दौंडला एका लहान सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागले, ती नव्वदीची पहिली वर्षं. बाई तिथं मुख्य सिस्टर होत्या. उंची इतकी कमी की सलाइनची बाटली अडकवायला त्यांना लाकडी स्टूल लागायचं. ते स्टूल काखेत मारून त्या वॉर्डभर फिरायच्या. कोणी हसलं तर म्हणायच्या, "उंची भिंतीची मोजावी. माणसाची कशाला मोजताय?" लग्न केलं नव्हतं. का नाही, असं विचारायची आमची छाती नव्हती. क्वार्टरमध्ये एक खाट, एक स्टोव्ह, बुद्धाची मूर्ती आणि कोपऱ्यात भिंतीला टेकवलेल्या वेळूच्या काठ्या. पाहुणा आला की आधी त्याला काठ्यांना धक्का न लावता बसायला शिकावं लागे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बाई नदीवर. जुन्या युनिफॉर्मची पांढरी साडी, तिचा काचा मारलेला, डोक्यावर वडिलांची गांधी टोपी आणि हातात कापसाच्या रिकाम्या डब्यात गांडुळं. भीमेच्या काठी धुणं धुणाऱ्या बायका पहिल्या पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढं सवय झाली. पण नवीन कोणी पाहुणी आली की तिला दाखवायला आणायच्याच.

मी कवठे येमाईची. आमचा मळा नदीपासून लांब, मासा म्हणजे आठवडी बाजारातलं सुकट एवढंच मला ठाऊक. बाई मला पहिल्यांदा नदीवर घेऊन गेल्या तेव्हा उन्हाळा लागला होता. गावाच्या खालच्या अंगाला खडकाआड एक डोह होता, त्याच्या कडेला पाणी उथळ आणि नितळ. बाईंनी मला वाकून बघायला लावलं. तळाच्या वाळूत जेवणाच्या ताटाएवढे गोल गोल खळगे होते, आणि प्रत्येक खळग्यावर तळहाताएवढा एक एक मासा पंख हलवत उभा.

"चिलापी," बाई म्हणाल्या. "ही त्यांची घरं. नर खळगा उकरतो आन् राखण करतो. मादी आंडी तोंडात घिऊन हिंडती."

त्यांनी गळाला गांडूळ लावलंच नाही. साडीच्या काठाचा लाल दोरा तेवढा गुंडाळला आणि काठी माझ्या हातात दिली. "सोडा त्या खळग्यात. आन् काठी घट्ट धरा."

एवढासा मासा, त्याला घट्ट काय धरायचं, असं म्हणून मी काठी दोन बोटांत धरली. गळ खळग्यात उतरला मात्र, आणि माझ्या हातातून कोणीतरी काठी हिसकावून घेतली! मी मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं. काठी पाण्यावर तरंगत पुढं चालली होती आणि मी चिखलात बसले होते.

बाई पोट धरून हसल्या. मग गुडघाभर पाण्यात शिरून त्यांनी काठी धरली आणि मासा वर काढला. राखाडी अंगाचा, काटेरी पंख ताठ केलेला, डोळे लाल. माझ्या हाताच्या पंजात मावला असता. मला खरंच वाटेना.

"ह्यानं? एवढ्याशानं?"

"व्हय. ह्यानंच."

"पण खायला तर काहीच नव्हतं, बाई."

"खायला कुठं आला हुता त्यो? त्याच्या घरात परकं काय पडलं, ते त्यानं भाईर फेकलं." बाईंनी गळ अलगद सोडवला, मासा दोन्ही हातांत धरून पाण्यात ठेवला आणि हात उघडले. "जा रं वाघा. घराकडं जा."

आता लोकांना त्या वेड्या वाटायच्या त्या इथं. मासा धरायचा आणि सोडून द्यायचा? खळग्यावरचा मासा त्या कधी घरी नेत नसत. डोहाच्या खोल पाण्यात गांडुळाला लागलेला मासा मात्र बिनदिक्कत पिशवीत टाकायच्या, आणि संध्याकाळी वॉर्डातल्या नातेवाइकांना बसवून कालवण रांधायच्या. मी एकदा विचारलं, दोन्ही मासेच, मग एकाला माफी आणि दुसऱ्याला फोडणी का? बाई म्हणाल्या, "भूक लागल्यावर कोण बी तोंड उघडतं. घरासाठी जो तोंड उघडतो, त्याला आपण मानतो." आणि पुढं कालवणात चिंच घालायला सांगितली.

त्या नदीवर जायच्या त्या माशासाठी नाहीच, हिसक्यासाठी, असं मला हळूहळू कळलं. मोठा कटला लागला तर त्यांना कंटाळा यायचा. "हे नुसतं वढतंय म्हशीवानी," म्हणायच्या. चिलापीनं हिसका दिला की डोळे चमकायचे. गळ बांधायची गाठसुद्धा त्यांची ऑपरेशनच्या टाक्याची होती. गळ बोटात रुतलेले कोळी आमच्याकडे यायचे, तेव्हा बाई गळ काढता काढता त्यांचीच गाठ तपासायच्या आणि नापास करायच्या.

'अहो'चं कारण मी फार पुढं विचारलं. बाई खुटबावच्या, बौद्ध वस्तीतल्या. वडील लोकांच्या रानात मजुरीला जायचे.

"बाप म्हातारा झाला, क्येस पांढरं झालं, तरी गावातलं शेंबडं पोर त्याला 'ए' म्हणायचं," बाई काठीवरची नजर न हलवता म्हणाल्या. "बाप 'जी' म्हणायचा. तवाच ठरीवलं, आपल्या तोंडून कुणा माणसाला 'ए' जाणार न्हाई."

"आणि माशाला?"

"मासा आन् मी बरोबरीचं हाय. त्याला राग न्हाई येत."

डोहाच्या वरच्या अंगाला एका बड्या बागायतदाराचा ऊस होता. त्यांना सगळा परिसर आबा म्हणायचा. सोसायटी त्यांची, पंचायत त्यांची. धिप्पाड देह, कडक धोतर, जीप. बाईंना डोहावर बघून एकदा ते काठावर उभे राहिले.

"काय बाई, तुमच्या लोकांस्नी नदी कमी पडली व्हय? आमच्या मळ्याखालीच यायला लागतंय?"

बाईंनी मान वर केली, टोपी सरळ केली. "अहो आबा, मळा तुमचाच हाय. पर नदी कुठं हाय तुमच्या सातबाऱ्यावर?"

आबा जीपमध्ये बसून निघून गेले. पुढच्या आठवड्यात डोहाच्या पायवाटेवर बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं. मला वाटलं, संपलं आता. बाई साडी वर खोचून पाण्यातून चालत गेल्या, कुंपणाला वळसा घातला आणि नेहमीच्या खडकावर जाऊन बसल्या. मी मागून. त्यानंतर दर सुट्टीला आम्ही तशाच गेलो. पाय धुऊन निघतात, एवढंच बाई म्हणाल्या.

तो दिवस चैत्रातला. सकाळची उन्हं चढत होती. आम्ही खडकावर बसलो होतो आणि वरच्या वळणावर आबांचा पुतण्या दोन गड्यांना घेऊन आला. पोरगा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, अंगात मस्ती. काठावरून विजेची तार जात होती. तिच्यावर त्यांनी लांब काठीनं आकडा टाकला, वायर खाली घेतली आणि तिचं टोक पाण्यात सोडलं. करंटनं मासे मारायची ही रीत तेव्हा सगळीकडेच चालायची. पोटं वर करून लहान लहान पिल्लं पाण्यावर आली.

बाई ताडकन उठल्या. हातातली काठी तशीच, टोपी तिरकी, आणि खडकांवरून तुरुतुरु तिकडं निघाल्या. मी मागं धावले.

"अहो, काढा ती तार! पिल्लं मरत्यात!"

पोरगा हसला. "तुम्ही गळ टाका की बाई, आम्ही करंट टाकतो. बघू कुणाला जास्त गावत्यात."

मासे गोळा करायला तो एक पाऊल पुढं सरकला. दगडावर शेवाळ होतं. पाय सटकला आणि तो कमरेएवढ्या पाण्यात आडवा पडला. ओरडलासुद्धा नाही. अंग एकदा धनुष्यासारखं ताठ झालं, आणि मग तोंड पाण्यात.

गडी बोंबलायला लागले. वर पंपाच्या खोलीशी आबा होते. ते धोतर सावरत उतारावरून पळत आले, त्यांनी पुतण्याला पाहिलं आणि सरळ पाण्याकडे झेपावले.

"अहो आबा, थांबा! पाण्यात करंट हाय!"

आबांना ऐकूच आलं नाही. किंवा आलं असेल. पण त्या आवाजाला थांबायची त्यांना सवय नव्हती. त्यांचा पाय पाण्यापासून हातभर राहिला असेल, तेवढ्यात मी आयुष्यात कधी न ऐकलेला आवाज ऐकला.

"ए! मागं हो!"

आणि वेळूच्या काठीचा जाड बुडखा आबांच्या गुडघ्यावर बसला. काठी मोडली. तालुक्यात ज्यांच्यापुढं कोणी मान वर करत नव्हतं, ते आबा तोंडघशी चिखलात पडले. त्यांच्या छातीएवढ्या उंचीची बाई त्यांच्या आणि पाण्याच्या मधे उभी होती. गडी बोंबलायचे थांबले. मी घाबरून डोळे मिटून घेतले.

"तिकडं काय बघताय? आकडा पाडा!" बाई गड्यांवर ओरडल्या. "वाळल्या काठीनं! हात लावू नका!"

एकानं काठी उचलली आणि आकडा खाली पाडला. बाईंनी मोडक्या वेळूनं वायर पाण्याबाहेर काढली, लांब फेकली, आणि मगच पाण्यात उतरल्या. मीही उतरले. दोघींनी त्याला काखेत धरून ओढत वाळूवर आणलं. ओठ निळे. छाती हलत नव्हती. आरडाओरड ऐकून मळ्यातल्या बायका, माणसं धावत आली होती.

"तुम्ही छाती दाबा," बाई मला म्हणाल्या. त्याच्या तोंडातला चिखल त्यांनी बोटानं काढला, नाक चिमटीत धरलं आणि त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरला.

गर्दीतून एका बाईचा आवाज आला. "अगं बया! तोंडाला तोंड लावती की ही!"

बाईंनी ऐकलं. मला त्यांच्या कानाची पाळी लाल झालेली दिसली. पण त्यांनी मान वर केली नाही. पुन्हा श्वास भरला. मी दाबत होते आणि माझे हात भरून आले होते. आबा चिखलात बसून नुसते बघत होते.

"अहो," बाई त्या पोराच्या कानाशी म्हणाल्या, "श्वास घ्या की! आई वाट बघतीय तुमची!"

पुन्हा एकदा त्यांनी तोंड लावलं. आणि पोराच्या घशातून घरघर आली, पाणी उसळून बाहेर पडलं आणि तो खोकायला लागला. बाईंनी त्याला कुशीवर वळवलं आणि टोपीनं त्याचं तोंड पुसलं.

दोन दिवस पोरगा आमच्याच दवाखान्यात होता. त्याची आई उशाशी बसून असायची. बाई आल्या की ती उठून भिंतीला लागून उभी राहायची, एवढंच. मग तो घरी गेला आणि मळ्यात कामाला जाणाऱ्या एका बाईनं आम्हाला सांगितलं, की घरात पाऊल टाकायच्या आधी पोराला अंघोळ घातली आणि गोमूत्र पाजलं.

बाई त्या वेळी सुया उकळत होत्या. त्या दिवशी त्यांनी वॉर्डातल्या सगळ्या खाटांच्या चादरी स्वतः बदलल्या, स्वच्छ होत्या त्यासुद्धा. सुट्टी आली तरी नदीवर गेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "काठी मोडलीय न्हवं." कोपऱ्यात बाकीच्या काठ्या उभ्या होत्या.

आणि एका सकाळी आबांची जीप दवाखान्याच्या दारात थांबली. आमचा क्लार्क पळत आत आला. "बाई, तुम्ही आतल्या खोलीत बसा. मी सांगतो, सुट्टीवर हाय म्हणून."

"माझी ड्युटी हाय. आत कशाला बसू?" बाई म्हणाल्या आणि स्टूलावर बसून राहिल्या.

आबा लंगडत आले. बाकावर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. आबांनी हातानं सगळ्यांना बसायला सांगितलं, स्वतः बाईंसमोरच्या बाकावर बसले आणि धोतर वर करून गुडघा दाखवला. भोपळ्यासारखा सुजला होता.

"इतके दिवस का न्हाई आलात?" बाईंनी विचारलं.

"लाज वाटली."

सगळी ओपीडी कान देऊन ऐकत होती. आबा म्हणाले, "काठीचं काय न्हाई बाई. काठीनं माझा जीव वाचला, ते मला गड्यांनी समजून दिलं. पर तुम्ही मला चारचौघांत 'ए' म्हणालात."

"'अहो' म्हणले हुते आधी. थांबला का तुम्ही?"

आबांनी विचार केला. खरोखरच केला; मला त्यांच्या कपाळावर दिसला. "न्हाई," ते म्हणाले.

बाईंनी गुडघ्याला हात लावला नाही. हात मांडीवर ठेवूनच म्हणाल्या, "पुतण्याला गोमूत्र पाजलं म्हणं."

क्लार्कनं कपाळाला हात लावला. आबा जमिनीकडे बघत राहिले. "घरच्या बायकांनी..." एवढं बोलून ते थांबले. मग मान वर न करता म्हणाले, "न्हाई. माझ्यादेखत. मी गप बसलो."

"मग आता ह्या गुडघ्याला कुणी हात लावायचा?"

आबांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला.

"तुम्हीच लावा, बाई," ते म्हणाले. "घरी गेल्यावर मी अंघोळ करणार न्हाई."

बाईंनी गुडघा दोन्ही हातांत घेतला. दाबून, वाकवून बघितला. हाड शाबूत होतं. मलम चोळलं, क्रेप बँडेज गुंडाळलं आणि शेवटचा वेढा घालताना विचारलं, "भ्या वाटलं का पडल्यावर?"

"तुम्हाला न्हाई वाटलं का मारताना?"

"भ्यायला येळ कुठं हुता, आबा?"

त्या आठवड्यात पायवाटेवरचं कुंपण निघालं. नदीत तार टाकणाऱ्याला आबा स्वतः काठी घेऊन हुसकावू लागले, आणि त्यांच्या हद्दीत पुन्हा कोणी करंटनं मासे मारले नाहीत. सगळंच बदललं असं मी म्हणणार नाही. आबांच्या घरातल्या काही बायका बाईंना बघून पुढंही वाट बदलायच्या. पण पोराची आई एकदा डोहावर आली. थोडी घुटमळली, मग खडकावर बाईंच्या शेजारी बसली आणि त्यांच्याच तांब्यातलं पाणी मागून प्याली. बाई तिला म्हणाल्या, "काठी धरता का? घट्ट धरा पर." पहिल्या हिसक्याला ती अशी किंचाळली, की धुण्यावरच्या बायका पळत आल्या.

पुढं बाईंची बदली शिरूरला झाली. तिथं घोड नदी. एसटीडीवरून फोन करून त्यांनी मला पहिली बातमी दिली ती क्वार्टरची नाही की नवीन डॉक्टरांची नाही. "हितली चिलापी लई तापट हाय. दोन दिवसात दोन काठ्या नेल्या. झ्याक जागा हाय!" निवृत्त होईपर्यंत त्या तिथंच राहिल्या. मी स्वतः मुख्य सिस्टर झाले तेव्हा नव्या मुली मला विचारायच्या, तुम्ही झाडूवाल्या मावशींना पण 'अहो' का म्हणता? मी कामं बाजूला ठेवून त्यांना बाईंची गोष्ट सांगायची. मी कोणाच्या हाताखाली तयार झाले ते सांगताना माझा आवाज अजून चढतो.

शेवटचं सांगते ते आबांच्या पुतण्याच्या लग्नाचं. भांडगावला कार्यालयात लग्न होतं, हायवेला गाड्यांची रांग लागलेली. बाईंना आणायला आबांनी शिरूरला जीप पाठवली होती. अक्षता पडल्या, नवरा-नवरी आधी आईवडिलांच्या आणि मग बाईंच्या पाया पडली. जेवणं सुरू झाली आणि आबांनी बाईंना पहिल्या पंगतीत, व्याह्यांच्या शेजारी बसवलं. स्वतः जिलेबीचं ताट घेऊन वाढायला आले. आबा आता थकले होते, त्या पायानं थोडे लंगडायचे. पण आवाज तोच.

"व्याही, वळखलं का ह्यांस्नी?" सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ते म्हणाले. "अख्ख्या तालुक्यात मला मारलेलं माणूस एकच. ह्या बाई! एका दणक्यात आडवा केला मला!"

मोठ्या अभिमानानं सांगत होते, जणू कुस्तीची गदा मिळाली होती. पुण्याचे व्याही गोंधळले. एकदा आबांच्या देहाकडे बघितलं, एकदा पाटावर बसलेल्या एवढ्याशा बाईंकडे, आणि वाकून हळूच विचारलं, "खरं का हो सिस्टर?"

बाईंनी तोंडातला घास सावकाश संपवला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "दुसरा बी देणार हुते. पर पेशंट पाण्यात हुता."